वेलिंग्टनच्या ड्यूकचा किताब: सनद, वंशावळ आणि वारसा

धागाकर्ता: जुना_दस्तऐवज

आर्थर वेलस्ली, म्हणजे वेलिंग्टनचा पहिला ड्यूक, याच्याविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुधा असईच्या रणांगणावर सुरू होते आणि वॉटर्लूवर संपते. लढायांचा इतिहास बाजूला ठेवून, त्या लढायांमधून उभा राहिलेला किताब गेली दोनशे वर्षे एका घराण्यात कसा उतरत आला, याविषयी मला या धाग्यात लिहायचे आहे. ब्रिटिश सरदारकीचा किताब वडिलांकडून थोरल्या मुलाकडे जातो, इतकेच आपल्याला ढोबळमानाने ठाऊक असते. प्रत्यक्षात तो कोणाकडे जाईल हे ना मृत्युपत्र ठरवते, ना धारकाची इच्छा. राजाने किताब देताना काढलेल्या सनदेत जे शब्द लिहिले असतील, तेच पुढच्या सर्व पिढ्यांना बांधून ठेवतात. वेलस्ली घराण्याची वंशावळ इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी तुटली आहे, की हा नियम समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

प्रारंभीच सांगायला हवे, की हे घराणे पुरुष परंपरेने मुळात वेलस्ली नव्हतेच. ते आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यातील कोली घराणे. मीथ परगण्यातील डँगन आणि मॉर्निंग्टन येथील जमिनीचा मालक गॅरेट वेस्ली १७२८ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्याची मालमत्ता त्याचा नातलग रिचर्ड कोली याला मिळाली. अट एकच होती, की त्याने वेस्ली हे आडनाव धारण करावे. त्याने ती पाळली, आणि १७४६ मध्ये तो आयर्लंडच्या सरदारवर्गात बॅरन मॉर्निंग्टन झाला (सरदारकीच्या पायऱ्या चढत्या क्रमाने अशा: बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक). त्याचा मुलगा गॅरेट हा संगीतकार होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली होती, आणि १७६० मध्ये त्याला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हा किताब मिळाला. वेस्लीचे वेलस्ली झाले ते पुढच्या पिढीत. आर्थर स्वतः १७९८ पर्यंत ‘वेस्ली’ अशीच सही करीत असे.

या अर्लच्या मुलांपैकी तिघे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. थोरला रिचर्ड म्हणजे १७९८ ते १८०५ या काळातील हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. मधला विल्यम, ज्याला पोल नावाच्या नातलगाची जहागीर मिळाली आणि जो वेलस्ली-पोल म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि धाकटा आर्थर, म्हणजे पुढचा ड्यूक.

थोरल्या पातीचे काय झाले ते आधी पाहू. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर १७९९ मध्ये रिचर्डला मार्क्विस वेलस्ली करण्यात आले, परंतु तो किताब आयर्लंडच्या सरदारवर्गातला होता. ब्रिटिश सरदारवर्गातील मार्क्विसपदाची आशा धरून बसलेल्या रिचर्डच्या हे जिव्हारी लागले आणि ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ अशी त्याने या सन्मानाची संभावना केली. मात्र त्याची खरी अडचण वारसाची होती. यासँत रोलाँ या फ्रेंच स्त्रीपासून त्याला पाच अपत्ये झाली, पण तिच्याशी त्याने विवाह केला तो १७९४ मध्ये, म्हणजे ही सर्व अपत्ये जन्मल्यानंतर. विवाहानंतर त्यांना मूल झाले नाही. १८२५ मध्ये त्याने केलेल्या दुसऱ्या विवाहातूनही संतती झाली नाही. आईवडिलांनी मागाहून विवाह केल्याने आधीची मुले औरस ठरतात, ही तरतूद स्कॉटलंडच्या कायद्यात होती, इंग्लंडच्या कायद्यात नव्हती. इंग्लंडमध्ये ती १९२६ साली आली, आणि तेव्हाही सरदारकीचे किताब तिच्यातून स्पष्टपणे वगळण्यात आले. त्यामुळे १८४२ मध्ये रिचर्ड वारला तेव्हा त्याचा एक मुलगा हयात असूनही मार्क्विसपद त्याच्याबरोबरच संपले. त्याच पाच अपत्यांपैकी ॲन या मुलीचा विवाह लॉर्ड चार्ल्स बेंटिंक याच्याशी झाला. तिची नात सेसिलिया ही राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईची आई. ज्या संततीला बापाचा किताब नाकारला गेला, तिचाच वंश अशा रीतीने सिंहासनापर्यंत पोहोचला. या वंशावळीतील ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते.

मार्क्विसपद संपले, तरी मॉर्निंग्टनचे अर्लपद संपले नाही, कारण ते रिचर्डच्या वडिलांना मिळालेले होते आणि वडिलांचे इतर औरस पुरुष वंशज हयात होते. ते विल्यमकडे गेले. १८४५ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर ते त्याच्या मुलाकडे आले. चौथा अर्ल झालेल्या या माणसाने १८१२ मध्ये कॅथरीन टिल्नी-लाँग या अतिशय श्रीमंत वारसदार मुलीशी विवाह केला आणि तिच्या संपत्तीची धूळधाण केली. लंडनजवळचा वॉन्स्टेड हा तिचा भव्य वाडा कर्जापायी मोडून त्याचे दगडसुद्धा विकावे लागले. पत्नीच्या मृत्यूनंतर न्यायालयाने मुलांचा ताबाही त्याच्याकडे राहू दिला नाही. त्याचा मुलगा, पाचवा अर्ल, १८६३ मध्ये अविवाहित असताना वारला. किताब आणि मालमत्ता यांच्या वाटा किती वेगळ्या असू शकतात हे या मृत्यूनंतर दिसून आले. आपली ड्रेकॉट येथील जहागीर त्याने मृत्युपत्राने दुसऱ्या एका चुलत घराण्यातील अर्ल कौली याला दिली. त्या जमिनीवर त्याची सत्ता होती, अर्लपदावर नव्हती. विल्यमची पाती संपल्यामुळे मॉर्निंग्टनचे अर्लपद आपोआप आर्थरच्या पातीकडे, म्हणजे वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूककडे आले आणि तेव्हापासून ते ड्यूकपदाबरोबरच उतरत आहे.

आता आर्थरचा स्वतःचा किताब. जुलै १८०९ मध्ये स्पेनमधील तालाव्हेराची लढाई जिंकल्यावर त्याला व्हायकाउंटपद द्यायचे ठरले, पण तो आघाडीवर असल्याने नाव त्याला विचारून ठरवणे शक्य नव्हते. हे काम भाऊ विल्यमने केले. सॉमरसेट परगण्यात वेलस्ली या मूळ नावाच्या जवळपास जाणारे वेलिंग्टन नावाचे गाव त्याला सापडले आणि त्याने तेच निवडले. आर्थरला ते पसंत पडले आणि सप्टेंबरच्या मध्यापासून तो ‘वेलिंग्टन’ अशी सही करू लागला. १८१२ च्या फेब्रुवारीत तो अर्ल झाला, ऑक्टोबरात मार्क्विस, आणि मे १८१४ मध्ये ड्यूक. या पाच वर्षांत तो सतत युद्धात गुंतलेला असल्यामुळे लॉर्ड्स सभागृहात, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, एकदाही बसला नव्हता. २८ जून १८१४ रोजी तो प्रथमच तेथे आला, तेव्हा बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि ड्यूक या पाचही पायऱ्यांच्या सनदा एकाच बैठकीत, एकामागून एक वाचण्यात आल्या. बाकीच्या घराण्यांना ज्या चढणीसाठी पिढ्या लागल्या, तिचे सगळे कागद त्या दिवशी एका माणसापुढे वाचले गेले.

या सर्व सनदांमध्ये वारशाची अट सारखीच होती: किताब धारकाच्या औरस पुरुष वंशजांकडे, थोरल्या पातीपासून क्रमाने जाईल. मात्र परदेशी राजांनी दिलेले किताब निराळे होते. पोर्तुगालने त्याला व्हिमेरूचा काउंट, तोरेस व्हेद्रासचा मार्क्विस आणि व्हितोरियाचा ड्यूक केले, स्पेनने सिउदाद रोद्रिगोचा ड्यूक केले आणि नेदरलँड्सच्या राजाने १८१५ मध्ये वॉटर्लूचा प्रिन्स. एकाच माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या देशांचे वारसा-कायदे असे एकत्र आले.

त्यांच्यातला भेद उघड व्हायला १९४३ साल उजाडले. तोवरचा प्रवास असा: दुसरा ड्यूक १८८४ मध्ये निपुत्रिक वारला. धाकटा भाऊ चार्ल्स आधीच गेला होता, म्हणून किताब चार्ल्सच्या मुलाकडे, हेन्रीकडे गेला. तोही १९०० मध्ये निपुत्रिक वारला आणि त्याचा भाऊ आर्थर चौथा ड्यूक झाला. त्याच्यानंतर १९३४ मध्ये त्याचा थोरला मुलगा पाचवा ड्यूक झाला, आणि १९४१ मध्ये नातू हेन्री व्हॅलेरियन सहावा. हा तरुण ड्यूक कमांडो दलात होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतील सालेर्नो येथे तो लढाईत मारला गेला, तेव्हा तो ३१ वर्षांचा आणि अविवाहित होता.

त्याच्यामागे त्याची मोठी बहीण लेडी ॲन होती. इंग्लिश सनदेच्या दृष्टीने तिला स्थान नव्हते, म्हणून ड्यूकपद एक पिढी मागे जाऊन चुलत्यांकडे वळले. चुलत्यांपैकी वयाने मोठे लॉर्ड रिचर्ड १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर मारले गेले होते आणि त्यांना मुलगे नव्हते. त्यामुळे त्यांच्यानंतरचे जेराल्ड वेलस्ली सातवे ड्यूक झाले. स्पॅनिश कायद्यात मात्र भाऊ नसेल तर बहीण वारस ठरते. त्यामुळे सिउदाद रोद्रिगोचे ड्यूकपद त्याच क्षणी लेडी ॲनकडे गेले, आणि १८१४ पासून एकत्र असलेली दोन ड्यूकपदे दोन व्यक्तींकडे विभागली गेली. सहा वर्षांनी, १९४९ मध्ये, तिने आपला स्पॅनिश किताब चुलत्याच्या नावे सोडून दिला आणि ती पुन्हा एकत्र आली. माझ्या मते संपूर्ण वंशावळीतील हाच सर्वांत बोधक प्रसंग आहे. ॲनचे भावाशी असलेले नाते एकच होते. एका देशाच्या कागदावर ती वारस होती आणि दुसऱ्या देशाच्या कागदावर तिची गणतीच नव्हती.

सदस्यांनी आपल्याजवळची माहिती आणि प्रश्न जरूर मांडावेत.

प्रतिसाद: अंजिरी

लेख अतिशय आवडला. एक शंका आहे. दुसरा आणि तिसरा ड्यूक दोघेही निपुत्रिक होते, तर त्यांनी दत्तक का घेतले नाही? आपल्याकडे संस्थानिकांच्या घराण्यांत मूल नसेल तर दत्तकविधान हा पहिला मार्ग असे. ब्रिटिश सरदारांना ही मुभा नव्हती का?

प्रतिसाद: जुना_दस्तऐवज

अंजिरीताई, त्यांना ही मुभा मुळीच नव्हती. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाला कायद्याची मान्यताच १९२६ साली मिळाली. त्याआधी नातलगाचे मूल सांभाळणे, त्याला आपले आडनाव देणे, मृत्युपत्राने मालमत्ता देणे हे सर्व चालत असे. १७२८ मध्ये रिचर्ड कोलीला जे मिळाले ते याच रीतीने. सरदारकीचा किताब मात्र रक्ताच्या आणि औरस वंशजालाच मिळतो आणि आजही दत्तक मुलाला तो मिळत नाही.

आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण याच मुद्द्यावर सातारकरांचे राज्य गेले. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक पुत्राला औरसासारखेच स्थान आहे, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते आणि खाजगी मालमत्तेपुरते ते त्यांना मान्यही होते. डलहौसीच्या धोरणामागे राज्यविस्ताराची हाव होती, यात मला शंका नाही. पण दत्तकाने वंश चालतो ही कल्पनाच ज्या समाजाच्या सरदारवर्गाला परकी होती, त्या समाजातील राज्यकर्त्यांना हा नकार देताना फारसे अवघड वाटले नसावे, असेही मला वाटते.

प्रतिसाद: मेळघाटी

मी गाविलगडाच्या परिसरातला आहे. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, त्याआधी नोव्हेंबरात आडगावची लढाई, सप्टेंबरात असई आणि ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला. चार महिन्यांत एवढे विजय मिळवूनही त्याच्या किताबांत यांपैकी एकाही गावाचे नाव नाही. तालाव्हेरा आहे, सिउदाद रोद्रिगो आहे, वॉटर्लू आहे. दख्खनच्या लढाया लंडनच्या दृष्टीने कमी प्रतीच्या होत्या, असे यावरून समजायचे का?

प्रतिसाद: जुना_दस्तऐवज

आपले निरीक्षण अचूक आहे. दख्खनच्या मोहिमेबद्दल त्याला १८०४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ मिळाली आणि तो ‘सर आर्थर’ झाला. हा सन्मान वैयक्तिक होता, मुलाकडे जाणारा नव्हता. त्या काळी त्याचा हुद्दा मेजर जनरलचा होता, मोहिमेचे राजकीय श्रेय गव्हर्नर जनरल असलेल्या थोरल्या भावाकडे जात होते, आणि हिंदुस्थानातील युद्धे ही कंपनीची युद्धे मानली जात. वंशपरंपरागत किताब देण्याइतकी निकड लंडनला वाटली ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धातच. त्याचे स्वतःचे मत मात्र वेगळे होते. लढाईतली आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने ‘असई’ एवढेच उत्तर दिल्याची नोंद आहे. जालना जिल्ह्यातील त्या गावाला किताबात जागा मिळाली नाही, तरी ते शिंद्यांच्या कवायती पायदळाला आणि तोफखान्याला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे असे मी मानतो.

प्रतिसाद: दौलताबादी_कागद

आर्थर वेलस्लीच्या जमिनीविषयी थोडी भर घालतो. हॅम्पशरमधील स्ट्रॅटफील्ड से ही जहागीर १८१७ मध्ये विकत घेतली गेली ती संसदेने राष्ट्राच्या वतीने मंजूर केलेल्या ६ लाख पौंडांच्या निधीतून. या जमिनीचा मोबदला म्हणून दरवर्षी १८ जून रोजी, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, ड्यूकने विंझरच्या किल्ल्यात राजाला तीन रंगांचा एक लहान फ्रेंच ध्वज सादर करायचा असतो. ही प्रथा आजतागायत पाळली जाते. आपल्याकडील इनामाच्या सनदांमध्येही नजराण्याच्या अशा अटी असत, म्हणून मला याचे कुतूहल वाटले. लंडनमधील ॲप्सली हाउस मात्र सातव्या ड्यूकने १९४७ मध्ये राष्ट्राला दिले. इमारतीच्या काही भागात राहण्याचा हक्क कुटुंबाने राखून ठेवला आणि बाकीचे संग्रहालय झाले.

प्रतिसाद: शमीवृक्ष

मुलींना वारसा नाकारणारा नियम सर्वच किताबांना सारखा लागू आहे का? माउंटबॅटनचा किताब त्याच्या मुलीकडे गेला, असे वाचल्याचे आठवते.

प्रतिसाद: जुना_दस्तऐवज

आपल्याला बरोबर आठवते आहे, आणि त्यामुळेच सनदेतील शब्दांना इतके महत्त्व आहे. माउंटबॅटन यांना मुलगा नव्हता. १९४६ मध्ये व्हायकाउंटपद आणि १९४७ मध्ये अर्लपद देतानाच, पुरुष वारस नसल्यास किताब मुलींकडे जाईल, अशी तरतूद करून घेण्यात आली होती. म्हणून १९७९ मध्ये थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचा एकमेव उरलेला मुलगा बापाच्या हयातीतच वारला, तेव्हा १७०६ मध्ये संसदेने खास कायदा करून तो किताब मुलींकडे जाऊ दिला आणि १७२२ मध्ये हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. ॲडमिरल नेल्सनच्या मृत्यूनंतर भावाला दिलेल्या अर्लपदातही बहिणींच्या मुलांची सोय होती, आणि १८३५ मध्ये ते खरोखरच भाच्याकडे गेले. वेलिंग्टनला दोन मुलगे होते, त्यामुळे अशी खास तरतूद करण्याची गरज कोणालाच वाटली नाही. राजसिंहासनाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने मुलगा-मुलगी हा भेद रद्द केला, परंतु सरदारकीच्या किताबांना त्या कायद्याने हात लावला नाही. सिंहासनावर थोरली मुलगी बसू शकते आणि ड्यूकपद तिला मिळू शकत नाही, ही स्थिती माझ्या मते अन्यायाची आहे आणि केवळ परंपरेचे नाव घेऊन तिचे समर्थन करता येत नाही.

प्रतिसाद: अंजिरी

हिंदुस्थानी व्यक्तीला असा वंशपरंपरागत किताब कधी मिळाला होता का?

प्रतिसाद: दौलताबादी_कागद

होय. बंगालचे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा हे १९१९ मध्ये बॅरन सिन्हा ऑफ रायपूर झाले. हे रायपूर म्हणजे बीरभूम जिल्ह्यातील गाव. १९२८ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर मुलगा अरुणकुमार याला सहजासहजी जागा मिळाली नाही. पुरुषाला एकाहून अधिक विवाह करण्याची मुभा ज्या हिंदू कायद्यात होती, त्या कायद्याखालील विवाहातून जन्मलेला मुलगा इंग्लिश सनदेच्या अर्थाने औरस ठरतो का, असा प्रश्न उपस्थित झाला. सिन्हा कुटुंब ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते आणि विवाह प्रत्यक्षात एकपत्नीकच होता. अखेर १९३९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने त्यांचा हक्क मान्य केला. वडिलांच्या जागेवर बसण्यासाठी मुलाला आईवडिलांच्या लग्नाचे स्वरूप परक्या सभागृहापुढे सिद्ध करावे लागले, हे वाचताना मन विषण्ण होते.

प्रतिसाद: शमीवृक्ष

शेवटचा प्रश्न. आज या किताबाची स्थिती काय आहे आणि वारसाला तो नको असेल तर नाकारता येतो का?

प्रतिसाद: जुना_दस्तऐवज

१९६३ च्या कायद्यानुसार वारसाला किताब आपल्या हयातीपुरता सोडून देता येतो. तो नष्ट होत नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वारसाकडे जातो. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांचा लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा आपोआप मिळणारा हक्क काढून घेतला आणि केवळ ९२ जागा ठेवल्या. आठवे ड्यूक ३१ डिसेंबर २०१४ रोजी, वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर, वारले. सध्याचे नववे ड्यूक चार्ल्स वेलस्ली यांना त्यामुळे सभागृहात थेट जागा मिळाली नाही. २०१५ मध्ये त्या ९२ पैकी रिकाम्या झालेल्या एका जागेसाठीची पोटनिवडणूक लढवून ते तेथे गेले. त्यांचे थोरले चिरंजीव सौजन्यपदवी (वारसाने केवळ शिष्टाचार म्हणून वापरायचे नाव) म्हणून ‘मार्क्विस ऑफ डूरो’ हे नाव वापरतात, आणि त्याखालच्या पिढीतील वारसाकडे ‘अर्ल ऑफ मॉर्निंग्टन’ हे जुने आयरिश नाव येते.

स्पॅनिश किताब आठव्या ड्यूकनी २०१० मध्येच मुलाच्या नावे केला होता. त्याआधी, २००६ मध्ये, स्पेनने कायदा करून थोरले अपत्य, मग ते मुलगा असो वा मुलगी, हाच वारस ठरवला. त्यामुळे पुढे ज्या पिढीत थोरले अपत्य मुलगी असेल आणि तिला धाकटा भाऊ असेल, त्या पिढीत सिउदाद रोद्रिगो तिच्याकडे आणि वेलिंग्टन भावाकडे जाईल. १९४३ मध्ये भाऊ हयात नसल्यामुळे बहिणीला जे मिळाले, ते यापुढे भाऊ असतानाही तिचा हक्क म्हणून तिला मिळेल.